पर्समधला संगणक: पेनड्राइव्हवरचं एमएक्स लिनक्स

ज्यांना स्वतःचा लॅपटॉप नाही, रोज दुसऱ्याच्या संगणकावर बसावं लागतं आणि मराठीत भरपूर लिहायचं असतं, त्यांनी एमएक्स लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी संगणकप्रणाली पेनड्राइव्हवर घालून वापरावी. माझं मत मी आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं ते का आणि कुठे अडतं यासाठी आहे.

मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. घरातला एकुलता एक लॅपटॉप लेक पुण्याला घेऊन गेली, आणि तिला तो माझ्यापेक्षा जास्त लागतो. माझ्या वाट्याला येतात ते कॉलेजच्या लॅबमधले जुने संगणक, स्टाफरूममधला सर्वांचा मिळून एक, आणि रविवारी विजापूर रोडला बहिणीच्या घरचा. तिन्हीकडे विंडोज, तिन्हीकडे मराठीची तऱ्हा वेगळी. एकावर जुने फॉन्ट, युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहावीत यासाठीची सामायिक पद्धत) नसलेले. दुसऱ्यावर मराठी कीबोर्डच नाही. तिसऱ्यावर आहे, पण भाच्यानं स्वतःच्या सोयीनं बदललेला. अकरावीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, एका ठिकाणी अर्धी टाइप करून दुसरीकडे उघडली की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हांची गर्दी दिसायची.

त्यात दोन गोष्टी जास्त जाचक होत्या. पहिली म्हणजे लॅबमधला शॉर्टकट व्हायरस. पेनड्राइव्ह लावला की फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. हा प्रकार शिक्षकांना नवा नाही. दुसरी म्हणजे गुप्तता. परीक्षेआधी कृतिपत्रिका अशा संगणकावर टाइप करायची, जिथे दुपारनंतर तीच मुलं प्रॅक्टिकलला बसणार! फाइल पुसली तरी 'अलीकडे उघडलेल्या फाइल्स'मध्ये नाव राहतं, रिसायकल बिनमध्ये राहतं, डाउनलोडमध्ये एखादी प्रत राहते. हे मला कधीच पटलं नाही. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. त्यांना मोह होईल अशी वेळच आपण आणू नये म्हणून.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं सुचवलं, "मावशी, सिस्टीमच पेनड्राइव्हवर ने ना. संगणक कुणाचाही असू दे." कल्पना अशी की संगणक सुरू होताना आतल्या हार्डडिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. विंडोज जागीच होत नाही. आपली प्रणाली, आपले फॉन्ट, आपला कीबोर्ड, आपल्या फाइली. काम झालं की बंद करायचं, पेनड्राइव्ह काढायचा आणि निघायचं. तो संगणक पुन्हा चालू केला की पहिल्यासारखा विंडोजमध्ये उघडतो.

ही कल्पना जुनी आहे. सीडीवरून थेट चालणारं नॉपिक्स क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली आणलं, बॅरी काउलर यांचं छोटंसं पपी लिनक्स २००३ मध्ये आलं. पपी अजूनही फार जुन्या, कमी रॅमच्या (रॅम म्हणजे काम चालू असतानाची, वीज गेली की पुसली जाणारी स्मृती) संगणकांसाठी चांगलं. उबंटू हे प्रसिद्ध लिनक्सही पेनड्राइव्हवरून चालतं, आणि रूफस नावाच्या विंडोजवरच्या साधनानं ते बनवताना बदल साठवायला वेगळी जागा राखता येते. टेल्स नावाची एक प्रणाली आहे, ती मुद्दाम सगळं विसरते. पत्रकारांना उपयोगी, मला नाही. मी एमएक्सवर स्थिरावले, कारण पेनड्राइव्हवर कायमचं राहायचं ही गोष्ट तिथे जोडकाम म्हणून आलेली नाही, मुळातच विचार करून बांधलेली आहे. ती अँटीएक्स या हलक्या प्रणालीच्या मंडळींकडून आली आहे आणि पाया डेबियन या जुन्या लिनक्स प्रणालीचा आहे. मी वापरते ती आवृत्ती २३, म्हणजे २०२३ ची, डेबियन १२ वर आधारलेली. दिसायला साधी, एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप, पट्टी डाव्या बाजूला उभी. ती पट्टी मी खाली आणली, बाकी रूप तसंच ठेवलं.

पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात. स्वस्तात स्वस्त घेऊ नका. यूएसबी ३ चा, नामांकित कंपनीचा, ६४ जीबीचा घ्या. मला नवी पेठेत साडेपाचशेच्या आसपास पडला. ऑनलाइन 'एक टीबी' म्हणून तीन-चारशे रुपयांत मिळणारे पेनड्राइव्ह हात लावायच्या लायकीचे नाहीत. आत खरी जागा थोडीशी असते आणि ती भरली की पुढचं लिहिलेलं सरळ नाहीसं होतं. लिनक्सवर एफ३ नावाचं साधन आहे, ते पूर्ण पेनड्राइव्ह भरून आणि पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतं. नवा पेनड्राइव्ह आणला की आधी ते चालवावं.

बनवण्याची पद्धत दोन टप्प्यांची आहे, आणि इथेच बहुतेक लोक अर्ध्यावर थांबतात. एमएक्सची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी प्रणाली एका फाइलीत, सुमारे दोन जीबीची. ती विंडोजवरून रूफसनं किंवा एचर या तशाच साधनानं कुठल्याही जुन्या पेनड्राइव्हवर लिहायची. हा झाला तात्पुरता. त्यावरून संगणक सुरू करायचा, नवा पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावायचा, आणि एमएक्स टूल्स या तिथल्या साधनसंचातलं 'लाइव्ह यूएसबी मेकर' उघडून खरा पेनड्राइव्ह तिथून बनवायचा. तात्पुरत्यावर जसाच्या तसा छाप उतरवलेला असतो, त्यावर बहुधा काही साठवता येत नाही. दुसऱ्यावर नीट विभाग पाडले जातात, लिहायला मोकळी जागा राहते, आणि फॅट३२ या पेनड्राइव्हच्या जुन्या मांडणीची 'एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी नको' ही अडचणही उरत नाही. बनवतानाच 'एन्क्रिप्ट'चा पर्याय दिसतो. शिक्षकांनी तो निवडावाच. मग पेनड्राइव्ह सुरू होतानाच परवलीचा शब्द विचारतो; रिक्षात पडला तरी आतली कृतिपत्रिका कुणाला वाचता येणार नाही. शब्द विसरलात तर तुम्हालाही येणार नाही, हे लक्षात असू द्या.

आता मुख्य गोष्ट. नुसतं पेनड्राइव्हवरून सुरू केलं, तर बंद केल्यावर सगळे बदल पुसले जातात. ते टिकवायच्या सोयीला पर्सिस्टन्स म्हणतात, आणि एमएक्समध्ये तिचे प्रकार आहेत. पहिल्यांदा यादी पाहून गोंधळायला होतं, पण निवड करताना प्रश्न एकच असतो: बदल लगेच पेनड्राइव्हवर लिहायचे, की आधी रॅममध्ये ठेवून शेवटी एकदम लिहायचे?

लगेच लिहिण्याला 'स्टॅटिक' म्हणतात. रॅम कमी लागते, वीज गेली तरी लिहिलेलं बहुतेक वाचतं, पण पेनड्राइव्हला बारीक बारीक लिहिण्याचा कंटाळा असतो. फायरफॉक्स दर क्षणी काहीतरी टिपून ठेवत असतो, आणि मग पान सरकवताना पडदा थबकतो. दुसऱ्या प्रकारात सगळं रॅममध्ये घडतं. चार जीबी रॅमच्या आमच्या लॅबच्या संगणकावरही हे इतकं चपळ चालतं की शेजारी विंडोजवर बसलेले सर वळून बघतात. बंद करताना ते विचारतं, बदल जतन करू का? हो म्हटलं की एकदाच लिहितं. पेनड्राइव्हही कमी झिजतो.

पण सोलापुरात वीज जाते. एप्रिलमध्ये पारा ४२-४३ ला टेकला की दुपारी कधी जाईल सांगता येत नाही, आणि लॅबचे यूपीएस नुसते नावाला उरले आहेत. रॅममधलं सगळं त्या क्षणी गेलं. मला जे उत्तर मिळालं त्यामुळेच मी या प्रणालीच्या प्रेमात आहे. एमएक्सच्या होम फोल्डरमध्ये 'लाइव्ह-यूएसबी-स्टोरेज' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात ठेवलेली फाइल रॅममध्ये राहत नाही, थेट पेनड्राइव्हवर जाते, पर्सिस्टन्स कुठलीही असो. म्हणून माझी व्यवस्था अशी: प्रणाली आणि सेटिंग रॅममध्ये, लेखन या फोल्डरमध्ये. लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं लेखनाचं सॉफ्टवेअर) दर पाच मिनिटांनी आपोआप जतन व्हावं असं लावून ठेवलंय, आणि कंट्रोल-एस तर हाताला सवयीचंच. वीज गेली तर जातं काय? नवीन टाकलेला एखादा फॉन्ट, ब्राउझरमधली एखादी खूण. उतारा शाबूत राहतो.

एक पथ्य मात्र आहे. रॅममधल्या प्रकारात तुम्ही नवीन जे जे टाकता ते पुढच्या वेळी सुरुवातीलाच रॅममध्ये चढतं, त्यामुळे भरमसाट सॉफ्टवेअर टाकलं की सुरू व्हायला वेळ लागतो. त्यावर 'रीमास्टर' नावाचा उपाय आहे: टाकलेलं सगळं मूळ प्रणालीतच मुरवून टाकायचं. मराठीची जुळवाजुळव झाल्यावर मी ते केलं आणि सुरुवात पुन्हा झटपट झाली. आणि हो, मुळातल्या वापरकर्त्याचं नाव डेमो आणि पासवर्डही डेमोच. पर्सिस्टन्स पहिल्यांदा सुरू करताना ते नवे पासवर्ड मागतं, तिथे आळस करू नका.

मराठीसाठी मी सिनॅप्टिक या सॉफ्टवेअर उतरवायच्या साधनातून आयबस हे भाषा टाइप करायचं साधन आणि त्याचं एम१७एन हे जोड-पॅकेज घेतलं, आणि इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी निवडली. मला टाइपिंग इनस्क्रिप्टचंच येतं. फॉन्टमध्ये 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' टाकला. तो मोकळ्या परवान्याचा आहे, फाइल उतरवून फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवली की झालं. कुठल्याही संगणकाची मी एकच परीक्षा घेते. आमच्या कृतिपत्रिकेत नेहमी येणारं वाक्य टाइप करून बघते: 'खालील उताऱ्याच्या आधारे सूचनेनुसार कृती करा.' त्यातलं 'ऱ्या' पाहायचं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. र डोक्यावर रफार होऊन बसता कामा नये, य ला बिलगून आडवा आला पाहिजे. इथे पहिल्याच फटक्यात तो तसा आला, लिबरऑफिसमध्ये आला, पीडीएफमध्ये आला, आणि त्या पीडीएफमधून पुन्हा कॉपी करून चिकटवल्यावरही जवळपास धड राहिला. मराठीच्या शिक्षकाला याहून जास्त काय सांगायचं!

कृतिपत्रिकेतले आकृतिबंध मात्र जपून करावे लागतात. मधे एक चौकट आणि तिला जोडलेल्या चार चौकटी, हा आमचा ठरलेला प्रकार. लिबरऑफिसमध्ये काढलेला आकृतिबंध दुसऱ्यानं वर्डमध्ये उघडला की बाण एकीकडे आणि चौकटी भलतीकडे सरकतात. मी आता चौकटी तक्त्यातून काढते, तो हलत नाही. आणि बाहेर देताना फक्त पीडीएफ देते. कुणाला फाइल दुरुस्तच करायची असेल तर त्यांनी माझ्या शेजारी बसावं.

वेगवेगळ्या संगणकांवर हे कसं चालतं? सुरू होताना योग्य बटण दाबावं लागतं: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा आधी एस्केप. लॅबमधल्या जुन्या संगणकांवर काही त्रास नाही. अलीकडच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, असतं, आणि आवृत्ती २३ साठी ते बंद करावं लागतं. इथे माझा सल्ला कडक आहे: दुसऱ्याच्या नव्या लॅपटॉपच्या त्या सेटिंगला हात लावू नका. त्यात बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप सुरू असेल तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती मालकाला माहीत असतेच असं नाही. बहिणीचा संगणक जुना, तिथे प्रश्न आला नाही. कॉलेजमध्येही मी आधी प्राचार्यांना आणि लॅब सांभाळणाऱ्या सरांना दाखवून परवानगी घेतली. आतल्या हार्डडिस्कला ही प्रणाली आपणहून हात लावत नाही, हे त्यांना समोर दाखवलं तेव्हाच ते निश्चिंत झाले.

त्याच सरांनी काही दिवसांनी विचारलं, "मॅडम, काय करलालाव तुम्ही या मशीनला? घड्याळ साडेपाच तास मागं पडलालंय." खरंच पडत होतं, आणि कारण साधं आहे. विंडोज संगणकाच्या आतल्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं. लिनक्स ते घड्याळ जागतिक वेळेचं मानतं, आणि इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतली की आतही तीच लिहितं. दोन्हींत फरक साडेपाच तासांचा. एमएक्सच्या सुरुवातीच्या पर्यायांत आतलं घड्याळ स्थानिक वेळेचं आहे असं सांगता येतं, निवड जतनही करता येते. ते केल्यापासून सरांची तक्रार नाही. सार्वजनिक संगणकावर वापरणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा, कारण घड्याळ चुकलं की विंडोजमध्ये बसणाऱ्याला वेबसाइटही नीट उघडत नाहीत आणि दोष तुमच्या पेनड्राइव्हवर येतो.

छपाई हा या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा भाग आहे. स्वस्त लेझर प्रिंटरपैकी बरेचसे छपाईचं सगळं काम संगणकातल्या ड्रायव्हरकडून करून घेतात, आणि असा ड्रायव्हर लिनक्सवर नसला किंवा जुना झाला की प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो. आमच्या कार्यालयातला त्यातलाच. भाच्यानं एक संध्याकाळ घालवली, पण नीट पान काही निघालं नाही. मी तो नाद सोडला. पीडीएफ एका साध्या, छोट्या, फॅट३२ पेनड्राइव्हवर घेते, कार्यालयातल्या विंडोजवर माझ्यासमोर उघडते, छापते, काढून घेते. व्हॉट्सॲपवर कृतिपत्रिका पाठवत नाही. झेरॉक्सच्या दुकानात तर नाहीच. नोट्स असतील तर चालतात.

हा दुसरा पेनड्राइव्ह वेगळा ठेवायचं आणखी एक कारण आहे आणि ते फार महत्त्वाचं. लिनक्सचा पेनड्राइव्ह चालू विंडोजमध्ये लावला की विंडोजला आतलं वाचता येत नाही आणि ते विचारतं, फॉरमॅट करायचा का? घाईत कुणीही 'हो' दाबेल. माझ्या पेनड्राइव्हला मी कापडी पट्टी शिवून त्यावर मोठ्या अक्षरांत 'फॉरमॅट करू नये' लिहिलं आहे, आणि तो मी कुणाच्या हातात देत नाही.

इंटरनेटचं म्हणाल तर वायफाय बहुतेक ठिकाणी आपोआप लागलं, लॅबमध्ये केबल आहे तिथे काहीच करावं लागलं नाही. गुण भरणं, माहिती भरणं ही ब्राउझरमधली कामं फायरफॉक्सवर होतात. हिशेबाचं टॅली मात्र यात थेट चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन लागणारी कामं करणाऱ्यांनी टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का हे आधी पाहावं. हिशेबाची कामं करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना मी सरळ सांगितलं, तुमच्यासाठी हे नाही. जुन्या फॉन्टमधल्या ज्यांच्या शेकडो फाइली आहेत त्यांनाही आधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील. पेनड्राइव्ह ते काम करत नाही.

कॉलेजच्या दृष्टीनं आणखी एक मुद्दा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमच्या लॅबमधल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. ती यंत्रं भंगारात काढायची बोलणी चालू आहेत. त्यांतल्या एकावर मी जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या धामधुमीत बारावीच्या सराव परीक्षेची अख्खी कृतिपत्रिका आणि तिची आदर्श उत्तरं तयार केली. यंत्रात काहीही बिघाड नाही.

सध्या इतिहासाच्या मॅडमना असाच पेनड्राइव्ह हवा आहे. लाइव्ह यूएसबी मेकरमध्ये चालू प्रणालीची नक्कल काढायची सोय आहे, त्यामुळे मराठीची सगळी जुळवाजुळव त्यांना तयार मिळेल. माझ्या फाइली आधी काढून घेईन, नव्या पेनड्राइव्हचा परवलीचा शब्द त्यांचा त्या स्वतः ठरवतील. त्यांना मी दोन पेनड्राइव्ह आणायला सांगितलेत: एक ६४ जीबीचा यूएसबी ३, आणि दुसरा कार्यालयात छापायला न्यायचा छोटा.